दोन बोटं वाळू

माझी मावशी घाबरट आहे. कुणी उंचीला घाबरतं, कुणी पालीला. मावशीला असली आवडनिवड नाही, ती सरसकट घाबरते. फोन वाजला की तिचा हात आधी छातीवर जातो, मग फोनवर. कुलूप लावून जिना उतरली की अर्ध्यातून परत वर, कुलूप ओढून बघायला. बाहेर गेली की गॅस बंद आहे का हे विचारायला शेजारणीला फोन करणार. शेजारीणही इतकी सरावली होती की फोन उचलून हॅलो न म्हणता "बंद आहे हो" म्हणायची.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी दुसरं टोक. ते वायरमन होते. कमरेचा पट्टा नीट अडकलाय की नाही हे न बघता खांबावर चढायचे आणि वर शिट्टी वाजवत बसायचे. निवृत्त झाल्यावरही घराघरांतली बिघडलेली मीटरं उघडून बघायचा नाद सुटला नव्हता. "आमच्याकडे कामाची वाटणी आहे," ते पाहुण्यांना सांगायचे, "घाबरण्याचं खातं हिच्याकडे, बाकीची सगळी माझ्याकडे." पाहुणे हसायचे. मावशीही हसायची, आणि हसता हसता काकांच्या बाहीचा लोंबणारा दोरा कशाततरी अडकेल म्हणून कात्री शोधायला उठायची.

या बाईने पोटासाठी काय काम धरावं? तर माशांच्या टाक्या सांभाळायचं. दवाखाने, ऑफिसं, हॉटेलांचे गल्ले, जिथे म्हणून लोकांना ताटकळत बसवतात तिथे काचेची एक टाकी असते, आणि ती साफ करायला कुणीतरी बाई लागते. गावभर तिला टाकीवाल्या बाई म्हणत. मला आधी हसू यायचं. मग मी सुट्टीत तिच्याबरोबर बादल्या उचलायला जाऊ लागले आणि माझ्या लक्षात आलं, की हे काम धीट माणसाला जमणारच नाही. धीट माणूस पाणी स्वच्छ दिसलं की निघून जाईल. मावशीला खरी भीती वाटायची ती पाणी स्वच्छ दिसायचं तेव्हा.

"वर बघू नकोस, तळाला बघ," ती मला म्हणायची. तिचा सगळा जीव वाळूत. नवी वाळू आली की बादलीत घालून हात कोपरापर्यंत बुडवून ती धूत राहायची, वरचं पाणी गढूळ यायचं पूर्ण थांबेपर्यंत. मग चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून कान लावायची. फसफसली तर त्यात चुना आहे, पाणी बिघडवणार, ती वाळू परत. नाही फसफसली तर ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायची. तळाला फिरणारे मिशावाले मासे दिवसभर तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडत असतात, कण धारदार असला तर त्यांच्या मिशा झिजतात, तोंडं सोलतात. तिच्या मनगटावर कायम लालसर चट्टा असायचा. "माझं कातडं निघालं तरी चालेल, त्यांना बोलता येत नाही," असं म्हणायची.

आणि वाळू घालायची ती दोनच बोटं जाड. त्याहून जाड घातली की खालच्या थराला हवा मिळत नाही. तिथली घाण कुजते, वाळू काळी पडते, आणि तिच्या पोटात सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस साठतो. वरून काही कळत नाही. मासे पोहत असतात, बघणारे खूश असतात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी हौसेने दगड हलवतं, तो गॅस एकदम सुटतो, आणि घटकाभरात टाकी साफ. म्हणून मावशी दर खेपेला विणायच्या सुईने वाळू हलकेच टोचायची. तेही सगळी नाही, थोडी इथली, थोडी तिथली. उरलेलं काम वाळूत राहणाऱ्या बारीक निमुळत्या गोगलगाई करायच्या. त्या दिवसभर आतल्या आत वाळू उकरत फिरतात. त्यांच्यावर मावशीचा भारी लोभ. काका बादली उचलायला आले, की त्यांच्या बोटातली तांब्याची अंगठी ती आधी काढून घ्यायची. सांधे दुखतात म्हणून कुणीतरी दिलेली ती अंगठी, फार घट्ट होते म्हणून काकांनी कानशीने चीर पाडून सैल केलेली.

"तांबं पाण्यात नको. माशांना नाही कळत, पण गोगलगाई मरतात."

"मग सोन्याची करून दे. चालेल ना तुझ्या गोगलगाईंना?" काका म्हणायचे आणि अंगठी खिशात टाकायचे.

मोठ्या हॉस्पिटलातल्या ऑपरेशनच्या दालनाबाहेरची टाकी तिच्याकडे बरीच वर्षं होती. लोकांनी सारखं त्या बंद दाराकडे बघू नये म्हणून ती टाकी तिथे ठेवलेली. पण लोकांचं काय सांगावं! जीव टांगणीला लागलेला माणूस कशातही खूण शोधतो. मासा वर आला, चांगलं. मासा दगडामागे गेला, वाईट. काउंटरवरच्या बाईंची सक्त ताकीद होती, की मेलेला मासा माणसं यायच्या आत उचलला गेला पाहिजे. मावशी त्या टाकीत हात घालायची तो नेहमी जीव मुठीत धरून.

काकांच्या हृदयातली झडप बदलायची ठरली आणि तारीख त्याच हॉस्पिटलात मिळाली. तपासण्यांच्या धावपळीत मावशीच्या काही फेऱ्या चुकल्या. शेवटच्या फेरीला तिला एक गोष्ट खटकली होती. गोगलगाईंचे रिकामे शंख वाळूवर पडलेले, जिवंत एकही नाही. का मेल्या ते कळेना. पुढच्या वेळी दगड उचलून बघू म्हणाली, आणि तेवढ्यात काकांना छातीत कळ आली. मग कुठली टाकी आणि कुठलं काय.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघी काकांबरोबर त्या दारापर्यंत गेलो. मावशीचा चेहरा पांढराफटक. काका चाकाच्या खुर्चीत, पायावर चादर, आणि तोंड नेहमीसारखं सुटलेलं.

"हिला सांभाळ गं," ते मला म्हणाले. "माझ्याकडे बघायला आत बरेच जण आहेत."

दार बंद झालं. मावशी खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. बाजूला जाडजूड मिशांचा एक ट्रकवाला बसला होता, त्याची मुलगी आत होती. पायाच्या हाडात सळई घालणार होते. पलीकडे आणखी चारसहा माणसं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझीही पाचावर धारण बसली होती, पण मावशीसमोर ते दाखवायची सोय नव्हती. म्हणून मी टाकीकडे बघत बसले.

मिशावाले मासे तळ सोडून वर धावत होते. हवेचा घोट घ्यायला ते कधीमधी वर येतात हे मला माहीत होतं. पण हे सारखे येत होते, खाली जाऊन टेकायच्या आत परत वर. मोठ्या दगडाच्या बुडापाशी काचेला लागून वाळूत एक काळा डाग होता, तळहाताएवढा. मी बघत असतानाच त्यातून एक बुडबुडा सुटला.

"मावशी," मी म्हटलं.

तिने पाहिलं. उठून झाकणाची खाणं घालायची छोटी खिडकी उघडली आणि नाक जवळ नेलं. मग माझ्याकडे वळली.

"वाळू सडलीय. दगडाखाली. मी आले नाही ना."

"आता काय करायचं?"

"हात लावला तर सगळं सुटेल. नाही लावला तर दुपारपर्यंत मरतील." आणि मग अगदी हळू, "आज नको गं. आज इथे काही मरायला नको."

काउंटरवरच्या बाई जवळ आल्या. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज राहू द्या. आज तुम्ही कामाच्या बाई नाही, पेशंटच्या घरच्या आहात. शांत बसा."

"मासे मरतायत का?" ट्रकवाल्याने विचारलं.

त्याने काही मोठ्याने विचारलं नव्हतं. पण त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. सगळ्या माना टाकीकडे वळल्या. एका म्हातारीने तोंडावर पदर धरला. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी, आणि त्या क्षणी मला अगदी आतून वाटलं की एक जरी मासा उलटा झाला तरी त्या दारातून वाईट बातमी येणार.

मावशीने त्या सगळ्यांकडे पाहिलं. ती जन्मभर ज्याला भीत आली होती, नेमकं तेच समोर येऊन बसलेलं. मला वाटलं ही आता कोसळणार. तिने बाह्या वर केल्या.

"मासे ठीक आहेत," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "वाळू बिघडलीय. माझ्या कपाटातली बादली आण."

बादली, नळी, जाळं, सगळं काउंटरमागच्या कपाटात होतंच. मावशीने आधी पंप बंद केला, नाहीतर उडालेली वाळू त्यात जाऊन त्याची चक्री खाते. टाकीच्या वरवरचं पाणी एका बादलीत काढलं, त्यात हवेची नळी सोडली, आणि एकेक मासा जाळ्याने उचलून त्यात ठेवला. तिचे हात इतके कापत होते की जाळ्यातून पाणी माझ्या पायांवर सांडत होतं. पण एकही मासा निसटला नाही.

मग दगड. तो वाळूवर नाही, खाली काचेवर टेकवलेला होता. वाळूवर ठेवला असता तर उकरणाऱ्या माशांनी कधीच पाडून काच फोडली असती. तो सरळ वर उचलायला हवा होता, जरासुद्धा न हलवता, आणि त्याच वेळी त्याच्याखालचा काळा गाळ नळीने ओढून घ्यायचा, पाण्यात पसरायच्या आत. माझ्या हातात नळीचं खालचं टोक आणि दुसरी बादली. दगड कोण उचलणार?

"मी उचलतो," ट्रकवाला म्हणाला. घड्याळ काढून त्याने खिशात टाकलं.

"हळू हं, दादा. मूल झोपलंय असं समजून."

"मूल आत झोपलंय, बाई," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

दगड वर येऊ लागला तसा खालून बुडबुड्यांचा लोंढा सुटला आणि त्या घाणेरड्या वासाने खोली भरली. लोक मागे सरकले. म्हातारी काहीतरी पुटपुटायला लागली. मावशी नळीचं तोंड काळ्या वाळूत खुपसून हळूहळू फिरवत होती. बादलीत शाईसारखा गाळ पडत होता. चांगल्या वाळूला तिने धक्का लावला नाही. पाणी शुद्ध ठेवणारे जंतू त्या वाळूत राहतात, ते गेले तर टाकीत काही उरत नाही. घाबरून सगळंच उपसून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. मावशी घाबरून तेवढंच उपसत होती जेवढं उपसायला हवं.

तेवढ्यात दार उघडलं. आम्ही सगळे एकदम तिकडे वळलो.

"पायाच्या ऑपरेशनच्या मुलीचे वडील कोण?" नर्सने विचारलं.

ट्रकवाला ओला दगड पोटाशी धरून उभा.

"मी," तो शेवटी म्हणाला.

"झालंय. शुद्धीवर येतेय. बाबा कुठे विचारतेय. आणि हे काय धरलंय?"

तो दगड खुर्चीवर ठेवून तसाच निथळत्या हातांनी आत पळाला. लोक हसले, एकीला हसता हसता रडू आलं. त्या गडबडीत मावशीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिने दगडाच्या जागेलगतच्या वाळूत बोटं घातली होती आणि काहीतरी उचललं होतं.

ती अंगठी होती. हिरवी काळी पडलेली. पण कानशीची चीर तशीच.

दोनेक महिन्यांपूर्वी ती हरवली होती. "बोटं बारीक झालीत, निसटली कुठेतरी," काका म्हणाले होते. मावशी तेव्हाही घाबरली होती, अंगावरची वस्तू जाणं बरं नाही म्हणून, आणि काकांनी तिची यथेच्छ टिंगल केली होती. आता ती ओल्या हातात अंगठी धरून खुर्चीवर बसली आणि मला तुकड्या-तुकड्याने सांगू लागली. डॉक्टरांनी झडप बदलायची म्हणून सांगितलं त्या दिवशी ती कागद करायला काउंटरवर गेली होती. काका इथेच थांबले होते, टाकीपाशी. परत आली तेव्हा ते झाकणाची खिडकी बंद करत होते. "तुझ्या माशांना बघत होतो," म्हणाले होते.

"काहीतरी नवस बोलले असतील ते या पाण्यापाशी," मावशी म्हणाली. "लोक बोलतात. मी बघते ना लोकांना. अंगठी टाकली त्यांनी. तांबं नको हे त्यांना माहीत होतं, शंभर वेळा सांगितलंय, तरी टाकली. गोगलगाई मेल्या, वाळू कोण हलवणार मग?"

मला हसू आलं असतं. पण मी मावशीचा चेहरा बघितला. आत्तापर्यंत ती घाबरलेली होती. हे काहीतरी वेगळंच होतं.

"त्यांना भीती वाटत होती," ती म्हणाली. "कळतंय का तुला? त्यांना. मी आजवर घाबरून त्यांच्याकडे बघायचे. ते शिट्टी वाजवत असले की मी मनाशी म्हणायचे, काही नाही, आपलीच खोड. आज सकाळीही बघितलं, चेष्टा करत होते, म्हटलं जमेल. आणि तेच जर घाबरलेत, तर मग खरंच काहीतरी आहे. मग मी कुणाकडे बघू?"

मी तिचा हात धरला.

थोड्या वेळाने ती उठली आणि टाकीपाशी गेली. अंगठी पाण्यावर धरली. मला कळलं ती काय विचार करतेय. काकांनी टाकलेली होती, काहीतरी मागून. ते आत छाती उघडून पडलेले असताना ती बाहेर काढायची? आणि परत टाकायची तर मासे, वाळू, सगळं पुन्हा नासणार. अंगठीवरून एक थेंब पाण्यात पडला, तशी तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"नाही घालणार," ती मला नाही, त्या बंद दाराला म्हणाली. "राग आला तर येऊ दे तुम्हाला. हे विष आहे."

अंगठी तिने मुठीत बंद केली आणि दुसऱ्या हाताने उरलेलं काम केलं. वाळू सारखी करून दोन बोटं जाड आहे का ते खरोखर दोन बोटं घालून बघितलं. काउंटरमागच्या पिंपात साठवलेलं पाणी मी हळूहळू ओतलं. वाळू बाजूला सारून दगड मी परत काचेवर टेकवला, तिने पंप चालू केला. मासे सोडले. ते आधी कोपऱ्यात गोळा झाले, मग एकाने वाळूत तोंड खुपसलं, तोंडभर घेतली, कल्ल्यांतून सोडली. म्हातारीने पदर खाली घेतला. त्यानंतर आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते मला आज सांगता येणार नाही. मावशी ना टाकीकडे बघत होती ना दाराकडे, नुसती स्वतःच्या मुठीकडे.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा मावशी उठलीच नाही. उठणं तिला जमत नव्हतं. मला म्हणाली, "तू ऐक. मला नंतर सांग." पण बाई तिच्यासमोरच येऊन वाकल्या. झडप नीट बसली होती. हृदय आपलं आपण चालू झालं होतं. अजून जपावं लागेल, म्हणाल्या, पण झालं. मावशीने त्यांना तीनदा विचारलं आणि त्यांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. काका अर्धवट जागे होते, इतके लहान दिसत होते की मला बघवेना. मावशी पलंगापाशी उभी राहिली. त्यांनी डोळे किलकिले केले, तिला पाहिलं आणि मग तिची बंद मूठ पाहिली. ती मूठ तिने कालपासून जेवतानाही धड उघडली नव्हती. तिने बोटं सोडली. तळहातावर हिरवा डाग उमटलेला, आणि मध्ये अंगठी.

काकांनी डोळे मिटले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू येत होता.

मावशीने पदराने त्यांचा कान पुसला.

"अहो, ते खातं माझ्याकडे होतं ना," ती म्हणाली. "मला सांगायचं."